पिशवीतलं पिल्लू

बंगळुरूच्या बसवनगुडीत जनावरांचा डॉक्टर म्हणून काम करताना अलीकडे एक प्रश्न वरचेवर कानावर येतो: वॉलबी घरी पाळता येईल का? विचारणाऱ्याने मोबाइलवर कुणाच्या तरी मांडीवर बाटलीने दूध पिणारं पिल्लू पाहिलेलं असतं. माझं उत्तर स्पष्ट 'नाही' असं आहे.

ऑगस्ट २०२३ मध्ये बँकॉकहून आपल्या केंपेगौडा विमानतळावर उतरलेल्या एका प्रवाशाच्या बॅगेत कस्टम्सला २३४ प्राणी सापडले. अजगर, कासवं, मगरींची पिल्लं, आणि कांगारूचं एक पिल्लू. ते गुदमरून मेलेलं होतं. त्याआधी एप्रिल २०२२ मध्ये सिलिगुडीच्या परिसरात रस्त्याकडेला भेदरलेले, उपाशी कांगारू सापडले होते. हौशीच्या बाजारासाठी आणलेले हे जीव.

कांगारू आणि वॉलबी एकाच कुळातले. मोठ्या चणीचे ते कांगारू, लहान चणीच्या त्या वॉलबी. शास्त्राची काटेकोर सीमारेषा दोघांमध्ये नाही. तांबड्या कांगारूचा नर ८५ किलोपर्यंत भरतो आणि एका उडीत आठ मीटर अंतर कापतो. त्याला फ्लॅटची गच्ची काय पुरणार?

पण खरी गोष्ट त्याच्या पिल्लाची आहे. सुमारे ३३ दिवसांच्या गर्भावस्थेनंतर ते जन्मतं तेव्हा आपल्या परिषेतल्या, म्हणजे शेंगदाण्यांच्या जत्रेतल्या, एका दाण्याएवढं असतं, वजन एका ग्रॅमहून कमी. डोळे मिटलेले, अंगावर केस नाहीत. तशा अवस्थेत ते पुढच्या पायांनी आईची लव धरत स्वतः पिशवीपर्यंत चढतं आणि आचळाला चिकटून राहतं. पिशवी कायमची सुटायला आठ महिने लागतात, दूध त्यानंतरही चालू असतं. आईच्या दुधाची घडण पिल्लाच्या वयाप्रमाणे बदलत जाते. दोन वेगळ्या वयांची पिल्लं असतील तर एकाच वेळी दोन आचळांतून दोन प्रकारचं दूध येतं! मला तर यापेक्षा थक्क करणारं दुसरं काही माहीत नाही.

म्हणूनच गाईचं दूध या पिल्लांना चालत नाही. त्यातली साखर त्यांना पचत नाही. हगवण लागते, डोळ्यांत मोतीबिंदू होतो. मोठ्या जनावरांना तर भीतीच मारते. पाठलाग झाला, जबरदस्तीने धरलं, की स्नायू आतून नासतात आणि प्राणी काही तासांत किंवा दिवसांत दगावतो. अस्वच्छ जागेत ठेवलं तर जबड्याला जंतुसंसर्ग होऊन हाड कुजतं.

परवान्याशिवाय असा प्राणी आयात करणं हा गुन्हा आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर परदेशी वन्यजीवांच्या व्यापारावरचा आपला कायदाही कडक झाला आहे. तेव्हा कुणी 'पिल्लू मिळवून देतो' म्हणाला तर पैसे देऊ नका, तसले व्हिडिओ पुढे पाठवू नका. लगेच वनखात्याला कळवा. महाराष्ट्रातल्या श्रोत्यांसाठी वनखात्याचा टोल फ्री क्रमांक १९२६ आहे.