आधी माणूस, मग मोटार



पेसाख जवळ आला की आपण मोटारीच्या आसनांखालचे पावाचे कणदेखील वेचून काढतो. अशाच साफसफाईच्या दिवसांत माझ्या हातून घडलेली एक चूक आज सांगते. मुंबईत परिचर्येची पदविका घेऊन मी आयुष्यभर रुग्णसेवा केली. म्हणूनच ही कबुली देणे मला आवश्यक वाटते.

यजमानांनी मोटारीची जुनी बॅटरी मागच्या आसनावर ठेवली होती. वळणावर ती कलंडली आणि तिच्यातील ॲसिड आसनावर व शेजारी बसलेल्या नातवाच्या विजारीवर सांडले. "आजी, नुसते ओले झाले आहे," असे तो म्हणाला. मी फडके घेऊन आधी आसन पुसू लागले. काही मिनिटांनी तो मांडी चोळू लागला, तेव्हा मी भानावर आले. बॅटरीतले सल्फ्युरिक ॲसिड लागताक्षणी झोंबतेच असे नाही. त्याच्या मांडीवरचा डाग आजही आहे.

म्हणून क्रम ध्यानात ठेवा. मोटार थांबवून इंजिन बंद करा, दारे उघडा, सर्वांना बाहेर काढा. भिजलेले कपडे तत्काळ उतरवा आणि किमान 20 मिनिटे वाहते पाणी सोडा. कातडीवर सोडा किंवा व्हिनेगर लावू नका. त्यातून उष्णता निर्माण होऊन इजा वाढते. डोळ्यात थेंब गेल्यास पापण्या उघड्या धरून धूत राहा आणि 101 क्रमांकावर मागेन दाविद आदोमला बोलवा. शब्बाथ असला तरी थांबू नका. जीव वाचवणे, पिकुआख नेफेश, हे शब्बाथहून मोठे आहे.

मोटारीची पाळी त्यानंतर. हातमोजे आणि चष्मा घालून ॲसिडवर कोरडा खाण्याचा सोडा पसरा. फेस येणे थांबेपर्यंत पुनःपुन्हा घाला, मग ओल्या फडक्याने टिपून घ्या. गालिचा उचलून खालचा पत्राही पाहा, नाहीतर तो गंजत जातो. सुरक्षापट्टा भिजला असल्यास बदलूनच घ्या; वरून धड दिसला तरी तो आतून कमजोर झालेला असू शकतो.

मोरीची नळी मोकळी करणारी द्रावणे मात्र बहुधा क्षारयुक्त असतात. ती साबणासारखी बुळबुळीत लागतात आणि कातडीत खोल शिरतात. त्यांवर सोड्याचा उपयोग नाही. तसेच ॲसिडवर ब्लीच कधीही ओतू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. वाफा येत असल्यास दूर व्हा आणि 102 वर अग्निशमन दलाला कळवा.

आता आमच्या घरी बॅटरी न्यायची झाल्यास ती प्लॅस्टिकच्या घमेल्यात उभी ठेवून डिक्कीतूनच जाते. आपणही तेवढे करावे, ही विनंती.

हाग पेसाख सामेआख.