कर्नलला मेमरी कशी सापडते



कॉम्प्युटरचं बटण दाबल्यापासून पासवर्डची चौकट येईपर्यंत जे काही सेकंद जातात, त्यांच्यातल्या सुरुवातीच्या एका तुकड्याबद्दल मी आज बोलणार आहे. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, तेव्हा नुकताच डिस्कवरून उचलून मेमरीत आणून ठेवलेला असतो. काम सुरू करायचं तर त्याला आधी एक गोष्ट कळायला हवी : या मशीनमध्ये मेमरी आहे किती, आणि ती आहे कुठे?

मशीनच्या खोक्यावर १६ जीबी छापलेलं असतं, पण त्याचा कर्नलला काही उपयोग नाही. लिनक्सची तीच फाईल ४ जीबीच्या जुन्या लॅपटॉपवर चालते आणि टेराबाइटभर मेमरीच्या सर्व्हरवरही चालते. त्यामुळे आकडा आधीच लिहून ठेवण्याची सोय नाही. मी दाखला लिनक्सचाच घेतो आहे, आणि तोही इंटेल किंवा एएमडीच्या प्रोसेसरवरचा. त्याचा सगळा सोर्स कोड खुला आहे, म्हणजे माझं बोलणं कुणालाही पडताळून पाहता येईल.

‘किती’ एवढाच प्रश्न असता तर फार अवघड नव्हतं. खरी अडचण ‘कुठे’ या शब्दात आहे. आपल्याला वाटतं, मेमरीचे पत्ते शून्यापासून सुरू होऊन सोळा जीबीपर्यंत सलग जात असतील. तसं नसतं. १९८१ साली आयबीएमचा पीसी आला, तेव्हा त्याच्या प्रोसेसरला एकूण १ मेगाबाइट इतकेच पत्ते देता येत होते. त्यातले पहिले ६४० किलोबाइट मेमरीसाठी ठेवले, आणि वरची जागा पडद्यावरचं चित्र, जोडलेली कार्डं आणि मशीन सुरू करणाऱ्या बायोस या प्रोग्रॅमची चिप यांना दिली. ती वाटणी आजच्या मशीनमध्येही कायम आहे. नंतर तसाच दुसरा खड्डा ४ जीबीच्या खालच्या बाजूला तयार झाला. तिथे ग्राफिक्स कार्ड, नेटवर्क कार्ड अशांची वस्ती असते. ३२ बिटांच्या काळात ४ जीबी मेमरी विकत घेऊन कॉम्प्युटरमध्ये सव्वातीन-साडेतीनच का दिसते, म्हणून कितीतरी लोक दुकानदाराशी भांडले असतील. दुकानदाराचा दोष नव्हता. उरलेले पत्ते या उपकरणांनी अडवलेले होते.

यामुळे एक जुना, सरळ उपाय बाद होतो. तो असा, की प्रत्येक पत्त्यावर काहीतरी लिहायचं, परत वाचून पाहायचं, जुळलं तर तिथे मेमरी आहे असं धरायचं. पण त्या पत्त्यावर मेमरीऐवजी एखादं उपकरण असेल तर तुम्ही लिहिलेला आकडा त्याला हुकूम वाटेल, आणि ते काय करील याचा नेम नाही. म्हणून कर्नल चाचपडत बसत नाही, विचारतो.

कुणाला विचारतो? मदरबोर्डवरच्या फर्मवेअरला, म्हणजे तिथल्या चिपमध्ये बसवलेल्या प्रोग्रॅमला. जुन्या पद्धतीच्या मशीनवर हे फर्मवेअर म्हणजे बायोस. त्याची एक सेवा असते, ती ‘ई-८२०’ याच नावाने ओळखली जाते. तिला एकदा हाक मारली की ती एक नोंद देते : अमुक पत्त्यापासून इतकी लांबी, आणि प्रकार हा. पुन्हा हाक मारली की पुढची नोंद. प्रकार थोडेच आहेत. वापरायला मोकळी, राखीव, फर्मवेअरच्या तक्त्यांनी व्यापलेली, बिघडलेली, असे. नव्या मशीनवर बायोसच्या जागी आलेलं युईएफआय अशीच यादी एकदम हातात देतं.

यातली पहिलीच नोंद बघण्यासारखी असते. बायोसच्या पुष्कळ मशीनवर ती शून्यापासून सुरू होते आणि ६३९ किलोबाइटवर संपते. ६४० वर नाही. वरचा एक किलोबाइट बायोसने स्वतःच्या कामाच्या नोंदींसाठी ठेवलेला असतो, म्हणून तो राखीव. अब्जावधी बाइटांच्या मशीनमध्ये एका किलोबाइटचा हा हिशेब अजून चोख ठेवला जातो, आणि मला तो फार मोलाचा वाटतो, कारण कर्नलने तेवढं दुर्लक्ष केलं तर कुणाच्या तरी नोंदीवर त्याचा पाय पडेल.

फर्मवेअर सांगेल ते सगळं खरं मानून मात्र चालत नाही. यादी क्रमाने असेलच असं नाही. कधी दोन नोंदी एकमेकींवर चढलेल्या असतात. एक म्हणते जागा मोकळी आहे, दुसरी म्हणते राखीव आहे. कर्नल यादी लावून घेतो आणि अशा वादात ‘राखीव’ म्हणणारीचं ऐकतो. शिवाय काही बायोस असे निघाले की त्यांनी ‘मोकळी’ म्हणून दिलेल्या खालच्या जागेत मागाहून स्वतःच खरडून ठेवलं. लिनक्सने आधी पहिले ६४ किलोबाइट वापरायचं सोडलं. २०२१ साली ठरलं की या प्रोसेसरांवर पहिला १ मेगाबाइट, स्वतःला लागणारा छोटा तुकडा घेऊन झाला की, सरसकट बाजूला ठेवायचा. १९८१ साली जेवढी सगळी पत्त्यांची दुनिया होती, तेवढी आज सावधगिरी म्हणून सोडून देता येते. १६ जीबीत ती सोळा हजारावा भाग आहे. मला हा निर्णय पूर्णपणे पटतो. एवढ्याशा जागेसाठी कुणाच्या कामाची फाईल खराब होण्याचा धोका का पत्करावा?

यादी हाती आली, तरी मेमरी वापरता येते असं नाही. आजचा प्रोसेसर मेमरीचे खरे पत्ते थेट वापरतच नाही. प्रोग्रॅम जो पत्ता बोलतो तो मानलेला असतो, आणि तो खऱ्या पत्त्यावर नेण्यासाठी तक्ते असतात, त्यांना पेज टेबल म्हणतात. कल्पना जुनी आहे. मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न यांच्या चमूने बांधलेल्या ॲटलस या कॉम्प्युटरवर १९६२ साली ती चालू होती. इंटेलने १९८५ मध्ये आणलेल्या ३८६ प्रोसेसरमधून ती पीसीत आली, आणि १९९१ साली हेलसिंकीत लायनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स लिहायला घेतलं ते ३८६ वरच.

मेमरीचे ४०९६ बाइटांचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकडा म्हणजे एक पेज. ६४ बिटांच्या प्रोसेसरमध्ये सहसा तक्त्यांच्या चार पायऱ्या असतात. एका तक्त्यात ५१२ नोंदी, एक नोंद ८ बाइटांची. गुणून पाहा, ४०९६ येतात. म्हणजे एक तक्ता बरोबर एका पेजमध्ये मावतो. हा जुळलेला हिशेब मला दर वेळी आनंद देतो.

आता गाठ इथे पडते. ६४ बिटांमध्ये काम करायचं तर हे तक्ते सक्तीचे आहेत. तक्त्यात ज्या मेमरीची नोंद नाही, तिला कर्नललाही हात लावता येत नाही. नव्या मेमरीची नोंद करायची तर नवा तक्ता लिहायला हवा. नवा तक्ता लिहायचा तो मेमरीतच, आणि त्या मेमरीची नोंद आधी झालेली हवी! दही लावायचं तर आधी दही हवं, तसं झालं. त्यावरचा उपायही विरजणाचाच आहे. कर्नल आपल्याच अंगात थोडी जागा राखून आणतो, आणि त्या जागेत पहिले, अगदी मोजके तक्ते मांडतो.

या पहिल्या तक्त्यांत एक नाजूक काम करावं लागतं. कर्नल उतरलेला असतो खालच्या पत्त्यांवर, पण पुढे त्याला राहायचं असतं मानलेल्या पत्त्यांच्या अगदी वरच्या टोकाला. तक्ते बदलले त्या क्षणी प्रोसेसर जी पुढची सूचना उचलायला जाईल, ती त्याला खालच्या पत्त्यावरच सापडली पाहिजे. नाही तर मशीन तिथेच कोसळेल. म्हणून तीच मेमरी थोडा वेळ दोन ठिकाणी दाखवलेली असते, जुन्या पत्त्यावर आणि नव्या पत्त्यावर. कर्नल वर उडी मारतो, आणि मग खालची नोंद पुसून टाकतो.

यापुढे उरलेल्या मेमरीची नोंद. लिनक्स आधी पहिला मेगाबाइट नोंदवतो, मग थेट मेमरीच्या वरच्या टोकाला जाऊन तिथला एक छोटा तुकडा नोंदवतो. त्याला लागणारे तक्ते राखीव जागेतून येतात. तो तुकडा वापरता आला की त्यातच पुढचे तक्ते लिहायचे, त्यांच्या जोरावर खालचा मोठा तुकडा नोंदवायचा, त्यातून त्याहून मोठा, असं करत खाली यायचं. वाचवायची तिथे वाचवतोही. प्रत्येक पेजची वेगळी नोंद केली असती तर १६ जीबीला ४१ लाख ९४ हजार ३०४ नोंदी झाल्या असत्या, आणि नुसत्या त्यांनी ३२ मेगाबाइट खाल्ले असते. पण प्रोसेसरची तयारी असेल तर एकाच नोंदीत २ मेगाबाइट किंवा सबंध १ जीबी दाखवता येतो, आणि कर्नल जमेल तिथे तसंच करतो.

सगळी मेमरी अशी एकसलग समोर मांडणं सोयीचं होतं, पण त्याची किंमतही मोजावी लागली. ही मांडणी प्रत्येक प्रोग्रॅमच्या तक्त्यांतही असे, फक्त ‘कर्नलशिवाय कुणी वाचू नये’ अशा खुणेमागे. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन नावाचा प्रोसेसरमधला दोष जाहीर झाला आणि कळलं की कितीतरी प्रोसेसर घाईघाईने पुढचं काम आधी करून ठेवताना ही खूण ओलांडतात. एखादा साधा प्रोग्रॅमही त्यातून सगळ्या मेमरीचा मजकूर काढून घेऊ शकत होता. मग लिनक्सने तक्ते दोन केले, एक कर्नलचा आणि एक प्रोग्रॅमचा. काम थोडं मंदावलं, तरी ते करणं भागच होतं.

नोंदी झाल्या की प्रत्येक पेजची माहिती ठेवायला कर्नल साधारण ६४ बाइट खर्च करतो. १६ जीबीला ते २५६ मेगाबाइट होतात. विकत घेतलेल्यापेक्षा दिसणारी मेमरी कमी असते, त्यातला एक वाटा हा.

ज्यांच्याकडे लिनक्सचा कॉम्प्युटर आहे, त्यांनी टर्मिनल उघडून, ॲडमिनचे अधिकार घेऊन, ‘डीमेसेज’ हा आदेश द्यावा. इंग्रजीत त्याची अक्षरं डी, एम, ई, एस, जी. सुरुवातीलाच मेमरीची ती यादी दिसेल. तिथल्या ओळींपुढे वेळ शून्य सेकंद, शून्य शून्य अशी छापलेली असते, कारण कर्नलचं घड्याळ तेव्हा सुरूच झालेलं नसतं. ‘युजेबल’ लिहिलेल्या ओळींचे आकडे मांडून बेरीज करा, आणि मग ‘फ्री’ या आदेशातल्या एकूण मेमरीशी ताडून पाहा. फरक येईल. तो कुठे गेला हे शोधायला लागलात, की पुढच्या ओळी आपोआप वाचाव्याशा वाटतील.