आधी आपली वही तपासा
(रौप्यमहोत्सवानिमित्त सभासदांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाने इंटरनेटच्या वेगावर बोलावं, याचं तुम्हाला नवल वाटेल. पण माझी चूक झाली ती हिशेबातच, म्हणून बोलतो.

२५ वर्षांपूर्वी आपण इथे सावेडीत राहायला आलो, तेव्हा नेट असलंच तर ते फोनच्या तारेवरून. मोडेम कुरकुरायचा, वेग फार तर ५६ केबीपीएस. आज घरोघरी १०० एमबीपीएसचा प्लॅन आहे आणि घरोघरी तक्रारही आहे.

माझी मुलगी जर्मनीत असते. तिच्या बाळाचं बारसं होतं. आमच्या हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, म्हणून मागच्या खोलीतच मोबाईलवर व्हिडिओ कॉल लावला. आत्याने बाळाच्या कानाशी ‘कुर्रर्र’ केलं आणि चित्र अडकलं. नाव कळलं दहा मिनिटांनी, मेसेजवर. ही काही बोलली नाही, कूस बदलून पडून राहिली.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा मुलगा आला. ‘पैसे १०० चे घेता आणि फाईल उतरवताना हॉलमधला संगणक ११ दाखवतो, ही शुद्ध फसवणूक आहे,’ असं मी त्याला जिन्यात चार लोकांदेखत सुनावलं. तो एवढंच म्हणाला, ‘काका, एकदा मोजून बघू.’

बँकेत दिवसाअखेर बेरीज जुळली नाही, तर आम्ही फरकाला नऊने भागून बघायचो. भाग गेला तर आकडे उलटसुलट लिहिले गेल्याचा संशय घ्यायचा. इथे आकडा आठचा आहे. कंपनी वेग बिटमध्ये सांगते, संगणक फाईल बाइटमध्ये मोजतो, आणि आठ बिटचा एक बाइट. म्हणजे ११ गुणिले ८, झाले ८८. माझे पैसे जवळपास पुरते मिळत होते!

मग त्याने लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडला. ९२ आले. मोबाईल मागच्या खोलीत नेला, तर ६. राउटर होता हॉलमधल्या लोखंडी कपाटामागे, वर दोन भिंती. बाहेरून येणारी लाईन चोख होती, गळती घरातच होती. राउटर पॅसेजमध्ये उंचावर बसवला. खर्च काय, तर थोडी केबल. मागच्या खोलीत आता ६० मिळतात.

तेव्हा तक्रारीआधी एवढं करा. घरातली बाकीची यंत्रं बंद ठेवा. लॅपटॉप केबलने राउटरला जोडून वेग मोजा. सकाळी, दुपारी आणि रात्री नऊच्या सुमारास, कारण गर्दी तेव्हाच असते. आकडे वहीत लिहा. नंतर वायफायवर खोलीखोलीत मोजा. मोबाईलवर मोजायला ट्रायचं ‘मायस्पीड’ ॲप आहे. डाउनलोडबरोबर अपलोडही बघा. आपला चेहरा समोरच्याला दिसतो तो अपलोडमुळे. राउटरवर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशी दोन नावं दिसतील. पहिलं लांब पोचतं, दुसरं वेगवान, पण भिंतीपाशी दमतं.

केबलवरच आकडा कमी आला, तर मात्र वही घेऊन कंपनीशी जरूर भांडा. सरकारी व्याख्येप्रमाणे जानेवारी २०२३ पासून किमान २ एमबीपीएस असेल तरच ते ब्रॉडबँड. पण आपण पैसे भरतो ते प्लॅनचे, तेव्हा जाब प्लॅनच्या आकड्याचा विचारा.

त्या मुलाची मी नंतर माफी मागितली, तीही जिन्यातच. तो हसला. हिने आता नातवाचं रांगणं पाहिलंय, न अडकता. बारसं मात्र परत येत नाही.

माझ्याकडे पाच मीटरची केबल आहे. कुणालाही मिळेल, फक्त वहीत सही करून न्यायची आणि वेळेवर परत करायची. बँकेची सवय, दुसरं काय!