बायकांच्या निष्ठेचा गड

भगिनींनो, गेल्या वर्षी दिरांकडे जर्मनीला गेले, तेव्हा वाइन्सबेर्ग गावचा पडका गड पाहिला. भोवती सगळे द्राक्षांचे मळे. ११४० साली राजा कोन्राडला तो शरण आला, तेव्हा त्याने बायकांना मुभा दिली, पाठीवर नेता येईल तेवढे न्यावे. बायकांनी नवऱ्यांनाच पाठुंगळी घेतले, अशी कथा सांगतात. हे म्हणाले, "तू काय नेले असतेस?" यांचे वजन आठवून मी गप्प राहिले, रात्री मात्र झोप येईना.

१५२५ साली बंडखोर शेतकऱ्यांनी गड जाळला. गावकरी दगड घरांसाठी नेऊ लागले. शेवटी १८२३ साली केर्नर नावाच्या कवी-डॉक्टरांनी तिथे महिला मंडळ काढले, गडाचे खडे बसवलेल्या अंगठ्या विकून पैसा उभा केला. त्या मंडळाने गड राखला. आणि आपण सतरंज्यांच्या वर्गणीवरून दोन सभा भांडलो!