ड्रॅक्युला, क्षय आणि परका माणूस



भयकथा म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना नारायण धारप आठवतात. मी आज ड्रॅक्युलाबद्दल बोलणार आहे, पण सुरुवात ऱ्होड आयलंडमधल्या एका शेतकरी कुटुंबापासून करतो.

एक्सेटर गावच्या जॉर्ज ब्राउन यांची पत्नी १८८३ साली क्षयानं गेली. पाठोपाठ थोरली मुलगी. काही वर्षांनी मुलगा एडविन आजारी पडला. हवापालटासाठी कोलोरॅडोला राहून आला, गुण आला नाही. जानेवारी १८९२ मध्ये १९ वर्षांची मर्सी गेली. मेलेल्यांपैकीच कुणीतरी जिवंतांचं रक्त शोषतंय, असं शेजाऱ्यांचं मत पडलं. १७ मार्चला तिन्ही शवपेट्या उघडल्या. आई आणि थोरलीचे सांगाडे उरले होते. मर्सी मात्र बरीचशी तशीच होती आणि तिच्या हृदयात रक्त होतं. हजर असलेल्या डॉक्टरांनी सांगितलं, यात अस्वाभाविक काही नाही, फुप्फुसांत क्षयाच्या खुणा आहेत. (मर्सीची शवपेटी न्यू इंग्लंडच्या हिवाळ्यात जमिनीवरच्या खोलीत ठेवलेली होती. म्हणजे जवळजवळ फ्रीजरमध्येच.) तरी तिचं हृदय आणि यकृत जाळून ती राख एडविनला पाजली. मे महिन्यात तोही गेला.

रॉबर्ट कॉखनं क्षयाचा जंतू जाहीर केला तो मार्च १८८२ मध्ये, म्हणजे दहा वर्षं आधी. इथे आपल्यासारख्या विवेकवाद्यांना हसू येतं. मला येत नाही. त्या लोकांचं निरीक्षण बरोबर होतं. एकाच घरातली माणसं एकामागून एक सुकत जात होती, खोकताना रक्त पडत होतं, आणि त्यात क्रम होता. जंतू घरातल्या घरात पसरतो आणि शरीरात वर्षानुवर्षं दबा धरून बसू शकतो, हे त्यांना कळलेलं नव्हतं. आणि कळून तरी काय करणार होते? स्ट्रेप्टोमायसिन सापडलं १९४३ साली. कॉखनं त्या बापाला रोगाचं कारण दिलं होतं, औषध नाही. जॉर्ज ब्राउनचा स्वतःचा या प्रकारावर विश्वास नव्हता, असं तेव्हाच्या बातमीत आहे. गावापुढे त्याचं चाललं नाही. नंदुरबारकडे डाकीण प्रथेविरुद्ध काम करणाऱ्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल.

ब्रॅम स्टोकरच्या टिपणांमध्ये न्यू इंग्लंडमधल्या या समजुतींवरचं, १८९६ सालचं न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रातलं कात्रण आहे. १८९७ मध्ये त्याची कादंबरी आली. तिच्यातली लूसी दिवसेंदिवस पांढरीफटक पडते, तिला धाप लागते. क्षयाच्या पेशंटला पाहिलेल्या वाचकाला आणखी सांगावं लागत नसे. चार पुरुष तिला आळीपाळीनं रक्त देतात. लँडस्टायनरचे रक्तगट यायला अजून चार वर्षं होती, त्यामुळे ती बिचारी ड्रॅक्युलापेक्षा या उपचारानंच गेली असावी, अशी मला दाट शंका आहे.

पण स्टोकरनं एक मोठा बदल केला. एक्सेटरमध्ये रक्त पिणारी म्हणून ठरवली गेली ती घरचीच लेक. कादंबरीत तो बाहेरून येतो, पूर्वेकडून, जहाजातून. त्या काळात रशियन साम्राज्यातून जीव वाचवून आलेले ज्यू लंडनच्या ईस्ट एंडमध्ये दाटीवाटीनं राहत होते. ब्रिटननं १९०५ मध्ये परकीयांचा कायदा केला, त्यात आजारी आणि निर्धन आगंतुकांना बंदरातूनच परत पाठवायची सोय होती. कादंबरीमुळे कायदा झाला असं मी म्हणत नाही. दोन्हींच्या मुळाशी भीती एकच, आणि ती जास्त सोयीची. पोटच्या पोरीचं प्रेत उकरण्यापेक्षा परक्याकडे बोट दाखवणं केव्हाही सोपं.

आता हा परका जरा नीट पाहा. निघण्याआधी तो पुस्तकं वाचून इंग्रजी शिकतो. आपल्या बोलण्यावरून लोक ओळखतील, याची त्याला धास्ती वाटते. वकिलामार्फत घर घेतो. बरोबर मायदेशाच्या मातीच्या ५० पेट्या नेतो. तुम्ही हसताय, पण आपल्या बॅगांमधली गोड्या मसाल्याची पाकिटं आठवा!

२०२० मध्ये करोना आला तेव्हा या देशात आशियाई चेहऱ्याच्या माणसांना रस्त्यात मारहाण झाली, त्यांच्यावर लोक थुंकले. त्याच वसंतात आपल्या एका झूम गप्पांमध्ये, पीएच.डी. झालेल्या माणसाच्या तोंडून मी ऐकलं, "ते चिनी लोक काहीही खातात हो." आम्ही वीसेक जण होतो. कुणी काही बोललं नाही आणि विषय किराण्याकडे वळला.