जपानातील अखेरचे तीन दिवस



जपानहून परतलेला वक्ता फुजी पर्वतापासून प्रारंभ करतो, अशी रीत आहे. आम्ही ती मोडतो, कारण आम्हांला फुजी दिसलाच नाही. गाडी त्याच्याजवळून गेली तेव्हा तो ढगांत दडला होता. वस्त्रनिर्माण शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या अभ्यास-सहलीबरोबर आम्ही गेलो होतो. मुलांनी यंत्राबरोबर यंत्रापुढचा माणूसही पाहावा, अशी त्यांच्या प्राध्यापकांची इच्छा. म्हणून कामगार चळवळीतला हा जुना गडी बरोबर घेतला. पहिला आठवडा गिरण्या, प्रयोगशाळा आणि नमस्कार-चमत्कार यांत गेला. सांगण्याजोगे जे घडले, ते शेवटच्या तीन दिवसांत.

नागोया शहरात टोयोडा घराण्याच्या जुन्या सूतगिरणीच्या जागी १९९४ पासून एक संग्रहालय आहे. लाल विटांच्या त्या इमारती पाहून आम्हांला गिरणगावात आल्यासारखे वाटले. साकिची टोयोडा हा सुताराचा मुलगा. आईला हातमागावर राबताना पाहून त्याने मागात सुधारणा करण्याचा ध्यास घेतला, असे सांगतात. १९२४ साली त्याने आणि त्याच्या मुलाने पुरा केलेला स्वयंचलित माग तिथे आजही चालवून दाखवतात. धोट्यातले सूत संपत आले की चालत्या मागातच दुसरा धोटा येतो, आणि धागा तुटला तर माग आपोआप थांबतो. दाखवणाऱ्या बाईने कात्रीने एक उभा धागा तोडला. माग जागच्या जागी उभा राहिला. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

एका मुलीने वाजवल्या नाहीत. ही इचलकरंजीची, वडील पंचवीस वर्षे साध्या यंत्रमागावर. ती आमच्या कानाशी येऊन म्हणाली, "काका, माग थांबला की कामगार काय करतो?"

"धागा सांधतो."

"आणि चालू असतो तेव्हा?"

प्रश्न साधा दिसतो, पण त्यात शंभर वर्षांचे भांडण आहे. साध्या मागावर विणकराची नजर धाग्यावरून हलता कामा नये. नजर चुकली की कापडात दोष राहतो आणि पगारातून कापला जातो. ती राखण यंत्रानेच पत्करली की माणूस मोकळा होतो. मोकळा झालेला वेळ कोणाचा? मालकाचे उत्तर ठरलेले असते: आणखी माग सांभाळ. या नव्या मागाचे तीस आणि त्याहून अधिक नग एका माणसाकडे देता येऊ लागले. मुंबईचा साचेवाला तेव्हा दोन साचे चालवीत होता. त्याला तीन चालवायला सांगितले, हे १९२८ च्या सहा महिन्यांच्या सार्वत्रिक संपाचे एक मोठे कारण. गंमत अशी, की १९२९ साली टोयोडांच्या मागाचे हक्क विकत घेतले ते इंग्लंडातल्या प्लॅट बंधूंनी, ज्यांचे नाव आमच्या गिरण्यांतल्या लोखंडावर कोरलेले असे.

हे सारे आम्ही तिला रात्री सांगितले, थोडे अभिमानानेच. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "मग तुम्ही जिंकलात का?"

आमचे वडील १९८२ च्या संपात होते. अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यांतले बहुसंख्य परत आत गेलेच नाहीत. कित्येक गिरण्यांत यंत्रे जुनीच राहिली आणि माणसेही उरली नाहीत. मालकांनी नफा यंत्रांत न घालता दुसरीकडे वळवला, हे खरे. पण जादा सांच्यांना 'नाही' म्हणण्यापलीकडे काय मागायचे, याचा विचार आमच्या चळवळीने पुरेसा केला नाही, हेही खरे. सभेत आम्ही हे सहसा बोलत नाही. त्या रात्री बोललो.

दुसऱ्या दिवशी मोटारींचा कारखाना पाहिला. तुटल्या धाग्याने थांबणाऱ्या मागाचीच कल्पना तिथे माणसाच्या हाती दिली आहे: चूक दिसली की कामगाराने दोरी ओढायची किंवा बटण दाबायचे. दिवा लागतो, वरचा माणूस धावत येतो, आणि दोष सुटला नाही तर अख्खी रांग थांबते. मुले भारावून गेली. आम्ही गाडीत त्यांना १९५० ची हकिगत सांगितली. कंपनी बुडण्याच्या बेतात होती. कामगारकपातीवरून संप झाला. दीड हजारांवर माणसांना जावे लागले, आणि साकिचीचा मुलगा कीइचिरो यानेही अध्यक्षपद सोडले. रांग थांबवणारी दोरी कामगाराच्या हाती असते. कपात थांबवणारी नव्हती. तथापि माणसे घालवणाऱ्या मालकाने स्वतःही खुर्ची सोडली, असे आम्ही आमच्या मुलखात फारसे पाहिलेले नाही.

शेवटच्या दिवशी तोक्योत खरेदीसाठी सुट्टी होती. आम्ही आओयामाच्या स्मशानभूमीत गेलो. ती मुलगी आणि आणखी चौघे आले. वाकिझो होसोई हा पोरवयात गिरणीत लागलेला, स्वतःच शिकलेला कामगार. गिरणीतल्या मुलींचे हाल त्याने पुस्तकात लिहिले: आईबापांना दिलेली उचल, कुंपणातली वसतिगृहे, दिवसाच्या आणि रात्रीच्या बारा-बारा तासांच्या पाळ्या. पुस्तक १९२५ साली निघाले आणि त्याच वर्षी तो २८ व्या वर्षी वारला. बायकांची रात्रपाळी जपानात १९२९ साली बंद झाली. त्या पुस्तकाच्या मानधनातून १९३५ साली इथे चळवळीतल्या अनामिकांसाठी एक समाधी उभी राहिली. मुले गप्प उभी होती. नागोयाच्या मागावर पूर्वी कोण उभे असे, हे त्यांना आता वेगळे सांगावे लागले नाही.

विमानतळावर मुलीने एक गोष्ट सांगितली, जी तिने तोवर दडवून ठेवली होती. तिला नोकरी लागली होती, एअरजेट मागांच्या नव्या शेडमध्ये पर्यवेक्षक म्हणून. एका माणसाकडे किती माग द्यायचे, हे ठरवताना तिला विचारले जाणार होते.

"तुम्ही सांगा काका, किती?"

आम्ही तीस वर्षे हा आकडा मालकांपुढे मांडत आलो. तिच्यापुढे तो चटकन तोंडातून निघेना. "तू किती म्हणशील?" असे आम्हीच विचारले.

"आधी एक पूर्ण पाळी स्वतः उभी राहून बघते," ती म्हणाली. "आणि बाबांनाही घेऊन जाते एकदा."

जूनपासून ती कामावर आहे. आकडा कळवते म्हणाली होती. अजून कळवलेला नाही.