इंजिनाचे बोलणे आणि कारागिराची सही



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले, तेव्हा आम्ही कामगार कायद्यांवर बोलावे अशी त्यांची अपेक्षा असावी. तीस वर्षे जिनिंग-प्रेसिंगच्या आणि मोटार-गॅरेजांच्या कामगारांत घालविलेल्या माणसाकडून दुसरे काय मागणार? आम्ही विषय कळविला : लहान विमानांची इंजिने आणि त्यांची निगा. चिटणिसांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. आम्ही सातवी शिकलेले. पुढचे शिक्षण गॅरेजात मोटारीखाली पडून आणि युनियन-कचेरीच्या बाकावर झाले. तेव्हा आम्ही वैमानिक नाही की इंजिनिअर नाही, हे आधीच सांगून टाकतो.

विषय सुचला तो बेलोऱ्यामुळे. १६ एप्रिल २०२५ रोजी तेथे मुंबईचे प्रवासी विमान उतरले आणि अमरावतीकरांची फार दिवसांची हौस पुरी झाली. (अकोल्याची मंडळी समोर बसली आहेत, शिवणीच्या धावपट्टीचे नाव काढून त्यांच्या जखमेवर मीठ चोळीत नाही.) त्याच्या आदल्या वर्षी, २०२४ मध्ये, एअर इंडियाने बेलोऱ्यास वैमानिक शिकविण्याची शाळा काढण्याचे जाहीर केले होते. वर्षाला १८० वैमानिक, आणि त्यांच्यासाठी ३४ विमाने. त्यांपैकी ३१ पायपर कंपनीची एका इंजिनाची, ३ डायमंड कंपनीची दोन इंजिनांची. हे ऐकल्यापासून आमच्याकडे येणारा प्रत्येक बाप आपल्या मुलाकडे वैमानिक म्हणून पाहू लागला. आम्ही हिशेब दुसऱ्या बाजूने मांडला. एकतीस आणि तीन दुणे सहा, म्हणजे सदतीस इंजिने. ती उघडणार कोण, पुसणार कोण, आणि ‘हे आज उडणार नाही’ असे सांगणार कोण?

विमानाच्या इंजिनाशी आमची ओळख एका तंट्यातून झाली. दहाबारा वर्षांपूर्वी एका उड्डाणशाळेतील कंत्राटी हेल्परांचा पगार अडला होता. आम्ही गेलो. व्यवस्थापक तीन दिवस भेटेनात. ते तीन दिवस आम्ही हँगरच्या दाराशी बसून काढले. तेथला म्हातारा मेकॅनिक आपला वऱ्हाडीच निघाला. तो म्हणाला, “भाऊ, इंजन बोलते, आपनच आयकत नाई.” पगार चौथ्या दिवशी मिळाला. परंतु आम्ही त्यानंतरही त्याच्याकडे जात राहिलो, आणि शब्दकोश उशाशी घेऊन इंजिनाची पुस्तके वाचू लागलो.

लहान विमानाचे नेहमीचे पेट्रोल इंजिन पाहिले, तर गॅरेजातला पोऱ्यासुद्धा घाबरणार नाही. चार सिलिंडर, दोन एका बाजूस, दोन समोरच्या बाजूस, आडवे निजविलेले. पाण्याची टाकी नाही. सिलिंडरच्या पंखांवरून वारा जातो तोच त्याला थंड ठेवतो. पण एक गोष्ट आपल्या स्कूटरीत नाही. तेथे प्रत्येक सिलिंडरला प्लग दोन असतात, आणि ठिणगी पुरविणारे मॅग्नेटोही दोन असतात. मॅग्नेटो बॅटरीवर अवलंबून नसतो. इंजिन फिरते आहे तोवर तो आपली वीज आपणच काढतो. एक गेला तरी दुसऱ्यावर घरी परतता यावे, म्हणून ही जोडी. रस्त्यावर मोटार बंद पडली तर आपण ती बाभळीखाली ढकलतो आणि चहा पितो. आभाळात बाभूळ नाही.

म्हणून उडण्यापूर्वी परीक्षा घेतात. सेस्ना १७२ ची अलीकडची विमाने घ्या. इंजिन मिनिटास १८०० फेऱ्यांवर ठेवायचे आणि एक-एक मॅग्नेटो पाळीपाळीने बंद करून पाहायचा. फेऱ्या थोड्या उतरतातच. पण दीडशेहून जास्त उतरू नयेत आणि दोघांच्या उतारात पन्नासाहून अधिक अंतर नसावे. जास्त उतार पडून इंजिन खडखडले, तर बहुधा एखादा प्लग शिशाने माखला आहे. विमानाच्या पेट्रोलमध्ये अजून शिसे असते. इंधन जास्त आणि हवा कमी असे मिश्रण फार वेळ जाळले, की ते प्लगच्या पोटात राखाडी मण्यांसारखे बसते. आता गंमत पाहा. फेऱ्या मुळीच उतरल्या नाहीत, तर नवशिका खूष होतो. जाणता मात्र दचकतो. मॅग्नेटो बंद करणारी तार कोठेतरी तुटली असावी, असा त्याचा अर्थ! अशा इंजिनाची किल्ली काढून घेतली तरी ते आतून जागे असते; कोणी हाताने पंखा फिरविला, तर एका ठिणगीने तो त्याचा हात उडवील, नाहीतर जीव घेईल. ज्याला आपण निर्दोष म्हणतो त्यातला दोष ओळखणे, हे या धंद्यातले खरे शिक्षण आहे.

दुसरी परीक्षा आम्हांला फार आवडते, कारण ती कानाने करतात. ठरावीक तास उडून झाले, की पिस्टन वर आणून सिलिंडरमध्ये चौरस इंचास ८० पौंडांची हवा सोडतात आणि दुसऱ्या काट्यावर त्यातली किती टिकते ते पाहतात. थोडी गळती चालते. जास्त असली, तर म्हातारा काट्याकडे पाहातच नसे, कान लावी. धुराच्या नळीतून फुसफुस आली तर बाहेरची झडप जळली. कार्ब्युरेटरच्या तोंडातून आली तर आत घेणारी झडप. तेल ओतायच्या तोंडातून आली तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या. वैद्य नाडी पाहतो, हा फुंकर ऐकतो. तेल बदलताना तो जुना फिल्टर कापून त्याचा कागद उन्हात उलगडी आणि चकाकणारे कण शोधी. लोहचुंबकाला चिकटले तर पोलाद, नाहीतर दुसरा धातू. म्हणजे कोणता अवयव झिजतो आहे त्याचा माग लागला.

आपल्या वऱ्हाडाचे स्वतंत्र सांगितले पाहिजे. अकोल्याचा वैशाख सर्वांस ठाऊक आहे. पंचेचाळीस अंशांवर हवा विरळ होते, इंजिनाचा जोर घटतो, आणि वाऱ्यावर थंड होणारी इंजिने जमिनीवर उभी असताना तापतात. काळ्या मातीची धूळ हवेच्या गाळणीत बसते. आणि पावसाळ्यात टाकीच्या रिकाम्या भागात दव धरून त्याचे पाणी होते. पाणी पेट्रोलपेक्षा जड. ते तळाशी जाते, आणि इंजिनाला पहिला घोट त्याचाच मिळू शकतो. म्हणून उडण्यापूर्वी टाकीच्या तळचा थोडा घोट काचेच्या पेल्यात काढून उजेडात धरायचा. विमानाचे ते पेट्रोल निळे असते; पाण्याचा थेंब खाली वेगळा दिसतो. या कामाला अर्धे मिनिट लागते. घाईत पहिल्याने टाळले जाते तेही हेच.

येथे आमचा स्वतःचा अनुभव सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी एका जिनात मुख्य शाफ्टचे बेअरिंग तापत होते. तेल घालणाऱ्या पोराने सकाळी सांगितले. त्याला सांगण्यात आले, पाळी संपू दे. दुपारी बेअरिंग धरले, पट्टा निसटला आणि त्या पोराचा उजवा हात कोपरापासून गेला. आम्ही नुकसानभरपाईसाठी गेलो तेव्हा देखभालीची वही पुढे करण्यात आली. सकाळची नोंद तीत होती : ‘बेअरिंग ठीक’. शाई ओली नव्हती एवढेच. त्या पोराला लिहिता येत होते, पण वही त्याच्या हातात कधी दिलीच नव्हती. भरपाई मिळाली, ती कोपराच्या दराने.

तेव्हापासून कोणतेही यंत्र पाहिले की आम्ही आधी त्याची वही मागतो. विमानाच्या धंद्यात वहीला कायद्याचे बळ आहे. इंजिनाची वेगळी वही असते, तीत तासांचा हिशेब असतो, आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा परवाना असलेल्या अभियंत्याने देखभालीनंतर सही केल्याशिवाय विमान सोडता येत नाही. हे चांगलेच आहे. परंतु सही करणारा एक, आणि इंजिनाला हात लावणारे चार. तेलाचा ओघळ पहिल्याने दिसतो तो पुसणाऱ्या हेल्परला. तो कंत्राटी असेल, उद्याच्या हजेरीची त्याला शाश्वती नसेल, आणि बाहेर दहा विद्यार्थी आपल्या उड्डाणाच्या तासांसाठी घड्याळ पाहत उभे असतील, तर तो ओघळ पुसून टाकील आणि गप्प बसेल. बेलोऱ्यास आमच्या मुलांना नोकऱ्या लागोत अशी आमची इच्छा आहेच. पण पहिल्या करारात आम्ही पगाराच्या आकड्याशेजारी आणखी एक कलम मागू : दोष लिहिणाऱ्याला त्या कारणाने कामावरून काढता येणार नाही, मग तो दोष नंतर खोटा ठरला तरी चालेल. कोणी म्हणतील, याने उड्डाणे खोळंबतील. खोळंबू द्या.

राइट बंधूंचे नाव शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. १९०३ साली त्यांच्या विमानाला उडविणारे इंजिन मात्र त्यांच्या सायकलच्या कारखान्यातील चार्ल्स टेलर या कारागिराने केले. लेथ आणि भोके पाडण्याचे यंत्र एवढ्या सामग्रीवर, सहा आठवड्यांत. हा माणूस म्हातारपणी धर्मादाय रुग्णालयाच्या खाटेवर सापडला, तेव्हा विमानधंद्यातल्या लोकांनी वर्गणी काढून त्याची सोय केली. १९५६ साली तो वारला. वर्गणी काढणाऱ्यांना आमचा नमस्कार. पण वर्गणीची पाळी का यावी, हा आमचा जुना प्रश्न आहे.

एक गोष्ट राहिली. बेलोऱ्यासाठी घेतलेली विमाने पेट्रोलवर चालणारी नाहीत. मोठ्या विमानांचे जेट इंधन जाळणारी डिझेल जातीची त्यांची इंजिने आहेत, आणि त्यांचे मूळ मर्सिडीज मोटारीच्या इंजिनात आहे. म्हणजे मॅग्नेटो नाही, प्लगचे शिसे नाही. इंधन किती आणि केव्हा द्यायचे ते संगणक ठरवितो. मग आतापर्यंतचे सांगणे फुकट गेले काय? नाही. तेलात कण येतात ते येतातच, पाणी तळाशी बसते ते बसतेच. आणि डिझेल इंजिनाशी तर वऱ्हाडच्या शेतकऱ्याची विहिरीच्या काठापासूनची ओळख आहे. संगणकाची भाषा मात्र पोरांना नव्याने शिकावी लागेल. आमच्या कचेरीत त्या पुस्तकांचे वाचन रविवारी सकाळी आठ वाजता चालते. फी नाही, शब्दकोश आमचा.

बाहेर ओट्यावर आम्ही दोन प्लग आणि एक कापलेला फिल्टर मांडून ठेवला आहे. प्लगांपैकी एकात ते राखाडी मणी दिसतील. पाहा, पण मुलांना हात लावू देऊ नका, शिसे आहे.